तेवढ्यात मागून कुणीतरी

ती रडली नाही. मला काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा वाटलं ते तिथं.

माझ्या त्या पानावर सगळ्या रडतात. मोठ्यानं नाही. नाक ओढतात, चष्मा पुसतात, उगाच उठून पाणी पिऊन येतात. चैतालीनं ते पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि पानावर अंगठा तसाच ठेवून स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाकडे बघत बसली. डोळे कोरडे. अंगठा गार. आणि हा अंगठा जिथं टेकला, तिथं आधीपासून एक अंगठा उमटलेला होता. तेलकट, पिवळट, जुना. नेमका त्याच्यावर हा टेकला. मी इतकी दचकले की माझी शिवण करकरली. तिला वाटलं असेल, जुनं पुस्तक आहे, वाजणारच.

मी एक कादंबरी बोलतेय. नाव 'परतली नंदिनी'. दचकणं हा माझा स्वभावच आहे. कपाटाचं दार आपटलं तरी माझी पानं एकमेकांना घट्ट धरतात. पण आजचं दचकणं वेगळं आहे. मी आत्ता गंगेवर, घाटाच्या पायरीवर पडलेय. (नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात.) चैताली शेजारी बसलीय. तिनं चपला काढून नीट जोडून ठेवल्यात. कानाला फोन आहे आणि पलीकडे रिंग वाजतेय. कुणी उचलत नाहीये.

रिंग वाजतेय तोवर सांगते. घाईत सांगितलं तर चालेल ना? मला दुसरं काही करताच येत नाही.

माझ्या जन्माची गोष्ट माझ्या पोटातल्या गोष्टीपेक्षा खूप साधी आहे. पुण्यातल्या एका बाईनं मला लिहिलं. दुपारी, ओट्याशी उभं राहून, दूध तापेपर्यंत. तिचं एक बाळ जगात यायच्या आधीच गेलं होतं आणि घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मग तिनं नंदिनी नावाची बाई उभी केली आणि स्वतःला बोलता येत नव्हतं ते तिच्या वाट्याला दिलं. ते पान तिनं एका दमात लिहिलं. नंदिनी बाळासाठी शिवलेली झबली घडी करून ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा घडी करते. दारातून सासू म्हणते, "आटपलं का गं? दूध लावायचंय." नंदिनी उठते, दूध लावते आणि ते उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहते.

बस. त्या पानात काही घडत नाही. आणि तेच पान वाचून कितीतरी बायकांनी माझ्यावर चहाचा कप कलंडवलाय.

मूळ हस्तलिखित नंदिनी घाटाच्या पायरीवर पोचते तिथं संपत होतं. पुढे काय, हे लिहिणारीलाच माहीत नव्हतं. पण प्रकाशक म्हणाले, "बाई, असं अधांतरी कसं सोडता? बायकांना रडवून घरी पाठवायचं नसतं. आणि हे बघा, एक फॉर्मा रिकामा राहतोय." फॉर्मा म्हणजे छापखान्यात एका कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. ती कोरी सोडायला प्रकाशकांचं मन होईना. म्हणून माझी नंदिनी नदीत गेली.

गेली, पण बुडाली नाही. खालच्या वळणावर एक देखणा डॉक्टर मोटार थांबवून सूर्यास्त बघत होता. त्यानं तिला वाचवलं. तिची स्मृती गेली. डॉक्टरच्या घरी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई निघाली, ती जत्रेत हरवलेली जुळी बहीण. मग वर्षं उलटली आणि एक दिवस रेशमी साडी नेसून, मोटारीतून, नंदिनी सासरच्या दारात उतरली. नवऱ्यानं दाढी वाढवलेली. सासू रडून रडून आंधळी. तिनं नंदिनीच्या खांद्यावरचा तीळ चाचपला आणि तिला दिसायला लागलं. तीळ हाताला कसा लागला, हे मला विचारू नका. मी फक्त छापली गेले.

मग मी नाशिकला आले, सिडकोत, शुभांगीताईंच्या वाचनालयात. वाचनालय म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. तीन भिंतींना लाकडी मांडण्या, चौथ्या भिंतीला शिलाई मशीन. अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या बायका यायच्या, शाळेतल्या बाई यायच्या, दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या. मी कुणाच्या डब्याच्या पिशवीतून गेले, कुणाच्या उशाखाली झोपले. बायका कशा वाचतात, ते मला पाठ आहे. आधी शेवटचं पान बघतात. सगळं ठीक होतंय ना, एवढं पाहून घेतात आणि मग पहिल्या पानाला हात घालतात. पोळ्या लाटता लाटता वाचतात, म्हणून माझ्या मधल्या पानांत अजून पीठ आहे.

भाग्यश्री म्हणून एक कॉलेजची मुलगी होती. तिनं मला काउंटरवर आपटलं. मी घाबरून उघडीच पडले.

"काकू, काय आहे हे! जुळी बहीण काय, डॉक्टर काय! आंधळी बाई तीळ चाचपून बरी होते? कोण वाचतं असलं?"

"तू वाचलंस ना पूर्ण?" ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या.

"वाचलं, पण..."

"झबल्यांचं पान?"

बॅगेचा पट्टा उगाच खालीवर करत भाग्यश्री म्हणाली, "ते पान वेगळं आहे. ते खरं आहे. माझ्या आईला असंच दुधाकडे बघताना मी पाहिलंय एकदा."

"मग ते पान घे. बाकीचं तिथंच सोड," ताई म्हणाल्या.

तेव्हा ताईंनाही वाटत होतं की असं सोडता येतं. मलाही वाटत होतं. माणसं हसतात ते पान वेगळं, रडतात ते पान वेगळं, दोन्ही सुखानं एकाच पुठ्ठ्यात राहतील.

रोहिणी आली आणि ते सगळं संपलं.

तो जुना अंगठा रोहिणीचा. केसांना भरपूर खोबरेल लावायची आणि वाचताना बटा कानामागे सारायची, म्हणून बोटं तेलकट. झबल्यांच्या पानावर ती खूप रडली. इतकी, की मला बरं वाटलं. कारण जी रडते ती मला मिटून पुन्हा कामाला लागते, हे मी पाहिलं होतं. पण रोहिणी पुढे वाचत गेली आणि शेवटच्या सोळा पानांवर थांबली. तीच वाचायची, परत परत. नवऱ्याची दाढी. सासूचे अश्रू. 'नंदिनी, आम्ही तुला ओळखलं नाही गं.' वाचताना ती हसायची. गालातल्या गालात, एकटीच. मला त्या हसण्याची भीती वाटायची. तिनं झबल्यांच्या पानावर विश्वास ठेवला होता, कारण ते खरं होतं. आणि तिथं विश्वास बसला म्हणून पुढच्या पानांवरही बसला.

मला परत द्यायला तिचा भाऊ आला, नवनाथ. दारातच उभा राहिला.

"ताई, हे तुमचं. बहिणीच्या उशाखाली होतं."

"अरे, ये ना आत. रोहिणी कशी आहे? बरेच दिवस दिसली नाही."

तो म्हणाला, "गंगेवर गेली होती ताई. परत नाही आली. मिळाली दुसऱ्या दिवशी." आणि मला मशीनवर ठेवून पायऱ्या उतरून गेला. चपला घालायच्याही विसरला. रस्त्यापर्यंत जाऊन परत आला, खाली मान घालून घातल्या, पुन्हा गेला.

ताई उभ्यानंच माझी शेवटची पानं वाचत राहिल्या. रोहिणीनं एक कोपरा दुमडून ठेवला होता, सासू रडते तिथं. ताईंनी तो सरळ केला. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मलाच ऐकू गेला. "पुस्तकानं कुणी जात नाही. तिला घरात कुणी हाक मारली नाही म्हणून ती गेली. पण तू तिला सांगितलंस की नंतर सगळे रडतील आणि तुला बघायला मिळेल. बघायला मिळत नसतं बाई. बघायला आपण नसतोच."

मग त्यांनी शिलाईची मोठी कात्री घेतली.

दुखलं का म्हणाल तर, मला आठवत नाही. सोळा पानं गेली. खाली जे शेवटचं पान उरलं, त्याची शेवटची ओळ मधेच तुटली. 'नंदिनीनं पायरीवरून पाण्यात पाऊल टाकलं. तेवढ्यात मागून कुणीतरी' – बस, इतकंच. कापलेल्या पानावर पुढे होतं, 'हाक मारल्याचा भास झाला. पण मागे कुणीच नव्हतं.' ते आता नव्हतं. आतल्या पुठ्ठ्यावर ताईंनी पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पुढचं हवं असेल तर मला फोन कर. केव्हाही. शुभांगीताई.' खाली नंबर. आणि माझं नाव खोटी आशा लावतं म्हणून मला खाकी कागदाचं कव्हर घातलं.

तेव्हापासून माझा शेवट पुस्तकात नाही. तो ताईंच्या फोनवर आहे.

मी मांडणीवर असले की सगळं ऐकायचे. फोन वाजला, समोरून कुणी म्हणालं, "ताई, पुढे काय झालं हो?" की ताई कधीच सांगायच्या नाहीत. विचारायच्या, "तुला काय वाटतं? कोण आलं असेल मागून?" मग बायका विचार करायच्या.

"नवरा?"

"भर दुपारी? तो कंपनीत असतो की गं."

"मग आई."

"आई गावाला."

"धुणं धुणारी कुणी बाई असेल. म्हणाली असेल, ओ ताई, साडी भिजतेय तुमची."

"हां," ताई म्हणायच्या. "असू शकते. मग?"

"मग काय, नंदिनी म्हणाली असेल, भिजू दे. ती बाई म्हणाली असेल, असं कसं भिजू दे, चांगली साडी आहे."

एकीनं तर गाय आणली होती. गाईनं नंदिनीचा पदर चावला, आणि तो सोडवता सोडवता नंदिनीला हसू फुटलं. ताई इतक्या हसल्या की मशीनवरची रिळं खाली पडली. इतक्या बायकांनी इतके शेवट सांगितले. कुणीही मोटार आणली नाही, जुळी बहीण आणली नाही. जे आयुष्यात होऊ शकतं तेवढंच त्यांनी मागितलं. कुणीतरी मागून बोललं, एवढंच. आणि बोलता बोलता त्यांची स्वतःची गोष्ट निघायची. मग फोन लांबायचा, आणि ताई मशीनचं चाक थांबवून ऐकत राहायच्या.

पण रोहिणी गेली नाही. म्हणजे माझ्यातून गेली नाही. तिचा एक केस माझ्या शिवणीत अडकलाय. वाऱ्यानं मी उघडले की नेमकी झबल्यांच्या पानावर उघडते. कधी कधी कुणी वाचत नसतानाही तेलाचा वास येतो. भास असेल. मी घाबरट आहे, मला भास होतात.

चैतालीकडे मला यशोदाबाई घेऊन आल्या. पाथर्डी फाट्याला त्यांच्या खालच्या मजल्यावर चैतालीचं घर. चैताली इगतपुरीची, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन आलेली. पाचव्या महिन्यात पोटातच तिचं बाळ गेलं, आणि त्यानंतर ती कामापुरतीच बोलायची.

"वेळ जात नाय ना? घे, वाच," यशोदाबाई म्हणाल्या. "सिडकोतल्या ताईंचं हाय. लय खोटं हाय, पण रडू येतं बघ. आणि शेवट नाय बरं का त्याला."

"म्हणजे?"

"ताईंना फोन करायचा. नंबर हाय आत. मी केला व्हता. म्या सांगितलं, मागून नंदिनीची शेजारीण आली, म्हणली डाळ देती का वाटीभर." आणि स्वतःच हसल्या. "मग ताई म्हणल्या, यशोदाबाई, तुम्हीच जा कुणाकडं तरी वाटी घेऊन. म्हणून आले तुझ्याकडं."

चैताली हसली नाही. पण तिनं मला घेतलं.

तिचं घर वाईट नाही, हे मला आधी सांगितलंच पाहिजे. माझ्यातल्या सासूसारखी तिची सासू नाही. कुणी मारत नाही, कुणी उपाशी ठेवत नाही. सासूबाई तिला डिंकाचे लाडू करून घालायच्या. पण बाळाचा विषय निघाला की म्हणायच्या, "नको आता ते. होईल पुन्हा." नवरा मनोज कंपनीतून यायचा आणि मोबाईल घेऊन बसायचा.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

"मी काय म्हणाले?"

"ते... भाजीचं ना?"

एकदा मात्र तो न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ होता, आणि नळाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. मी ऐकला. चैतालीनं ऐकला नाही, ती गॅलरीत आईशी फोनवर बोलत होती आणि आई तिकडून सांगत होती, "जुनं उगाळू नको बेटा." दोघांचं दुःख एकच होतं आणि मधे एक दार होतं. असं काही लिहायला माझ्या लेखिकेला जमलं असतं. त्याला जुळी बहीण लागत नाही.

संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागायची. त्यात एक बाई दोनदा मेली होती आणि दोन्ही वेळा परत आली होती.

"बघ, आली ना!" सासूबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

"आई, असं खरंच कुणी परत येतं का?"

"टीव्ही आहे गं तो," सासूबाई म्हणाल्या. आणि जाहिरात लागली.

त्याच आठवड्यात माझं खाकी कव्हर फाटलं. जुनंच होतं. चैतालीनं ते सोलून काढलं आणि पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं. 'परतली नंदिनी.'

"म्हणजे येते तर परत," ती म्हणाली. गालातल्या गालात हसली.

ते हसू मी ओळखलं. माझ्या अंगावर काटा आला म्हणायला मला अंग नाही, पण त्या वेळी अंग असतं तर थरथरले असते. ताईंनी सोळा पानं कापली होती, पण नाव कापायचं राहून गेलं होतं. मी ओरडले. पुस्तक ओरडलं की काय होतं? काहीच होत नाही. पानं थोडी फडफडतात, पंखा लावलाय असं वाटतं.

आणि मग आजची दुपार.

घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. मालेगावची रोशनी, मनोजची चुलत बहीण, तिचं बाळ महिन्याचं झालं म्हणून. सासूबाईंनी फोन चैतालीपुढे धरला. "बघ, किती गोड दिसतंय."

बाळाच्या अंगात पिवळं झबलं होतं. त्याच्या गळ्याशी निळं बदक.

"आई," चैताली म्हणाली. "हे झबलं..."

"अगं हो, तेच. तुझ्या डोळ्यासमोर नको म्हणून दिलं मी. पडून काय करायचं होतं?" आणि लगेच, अगदी मायेनं, "बरं, दूध लावतेस का? चहा घेऊ दोघी."

मी टेबलावर होते. माझ्यातलं वाक्य माझ्याबाहेर कुणीतरी बोललं. विचार करा, तुम्ही मिटून पडला आहात आणि तुमच्या पोटातलं वाक्य घरात फिरतंय. चैताली उठली, दूध लावलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. दूध वर आलं, कडेला थांबलं, मग ओट्यावरून खाली गेलं. सासूबाई "अगं अगं" करत धावल्या. चैतालीनं फडकं घेऊन सगळं स्वच्छ पुसलं. हात धुतले. मला पिशवीत टाकलं.

"आई, मी येते जरा."

"कुठं? चहा?"

"पुस्तक परत करायचंय."

ती 'येते' म्हणाली. आपल्याकडे कुणी 'जाते' म्हणत नाही. म्हणाली असती तर सासूबाईंनी दारातच अडवलं असतं. म्हणून त्या एका शब्दावरून कुणालाही काही कळत नाही. मी पिशवीत त्या 'येते'ला धरून बसले.

रिक्षा सिडकोकडे वळली नाही.

"दर्शनाला का ताई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"हो."

घाटावर ऊन आहे, गर्दी आहे. पूजेवाले, फुगेवाला, फोटो काढणारी पोरं. चैताली चालत चालत या कडेच्या पायऱ्यांवर आली. इथं कबुतरं आहेत आणि वाळत टाकलेल्या दोन चादरी. बाकी कुणी नाही. तिनं चपला काढल्या. मला उघडलं आणि शेवटचं पान वाचलं. मोठ्यानं. "तेवढ्यात मागून कुणीतरी."

तिनं मागे वळून पाहिलं. चादरी हलत होत्या.

मग तिनं नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली. पुन्हा लावला. मी तुमच्याशी बोलायला लागले ती तेव्हापासून, आणि ती दुसरी रिंगही आत्ता बंद झालीय.

ताई कुठं आहात तुम्ही? आजारी आहात का? वय झालंय तुमचं, मला माहीत आहे. फोन दुसऱ्या खोलीत राहिला असेल, चार्जिंगला असेल, शिवणाच्या कपड्यांखाली असेल. माणसं फोन का उचलत नाहीत, याची कारणं किती साधी असतात! आणि वाट बघणाऱ्याला ती एकही सुचत नाहीत. तिला एकच सुचतं, की आपल्याला कुणी उचलणार नाही.

तुम्ही वाचताय ना हे? तुमच्या घरी कुणाचा फोन वाजत असेल, तर आधी तो घ्या. मी कुठं पळून जात नाही. अनोळखी नंबर असला तरी घ्या. कुणी बाई घरात 'येते' म्हणाली, तर एकदा विचारा, केव्हा येशील? आणि तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, तर प्रकाशकाला सांगा, ती सोळा पानं कोरी राहू देत. कोऱ्या पानावर निदान हिशोबाचं तरी काही लिहिता येतं.

चैतालीनं फोन माझ्यावर ठेवला. ती उभी राहिली. एक पायरी उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागलं.

थांब. थांब ना. चैताली, माझं नाव खोटं आहे. नंदिनी परतली नाही. तिला कुणी वाचवलं नाही. कुणीही मोटार थांबवून बसलेलं नसतं. तू जाशील आणि सासूबाई खरंच रडतील, मनोज खरंच दाढी करायचा नाही, पण ते तुला दिसणार नाही, तू कुठल्याही दारात उतरणार नाहीस. ऐकतेयस का? मी ओरडतेय आणि तुला फक्त कबुतरं ऐकू येतायत.

तेवढ्यात माझी पानं उलटली.

ती मी उलटली, वाऱ्यानं, की शिवणीत अडकलेल्या त्या केसानं, मला माहीत नाही. चादरी तर हलल्या नव्हत्या. खोबरेल तेलाचा वास आला. फोन घसरून पायरीवर पडला, खणकन. चैताली दचकली. मागे वळली. माझा आतला पुठ्ठा उघडा पडला होता आणि त्यावर पेन्सिलीची मोठी अक्षरं होती. 'केव्हाही.'

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. पाय अजून पाण्यातच.

"कोण?" ती म्हणाली. मला नव्हे, कुणालाच नव्हे. "कोण येतं पण मागून?"

खाली बसली. फोन उचलला, काचेला तडा गेला होता, तो अंगठ्यानं पुसला. पुन्हा नंबर लावला.

रिंग वाजतेय.

माझ्या प्रकाशकांच्या हातात असतं तर आता फोन रोहिणीनं उचलला असता. ती कुठंतरी जिवंत असती, ताईंची जुळी बहीण निघाली असती. खरं सांगू? क्षणभर मलाही तेच हवं होतं. इतकं हवं होतं की माझी शिवण सैल झाली.

रिंग थांबली.

"हॅलो? कोण गं?" धापा टाकणारा एक म्हातारा आवाज, आणि मागे कुकरची शिट्टी. "अगं गच्चीवर होते मी, कुरडया उलटत होते. फोन खालीच. बघते तर दोन फोन येऊन गेले. कोण? हॅलो?"

चैतालीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"नंदिनी वाचतेयस का?"

"हो."

"कुठवर आलीस? झबली, की घाट?"

"घाट," चैताली म्हणाली. आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, नाक ओढत, माझ्यावर थेंब पडत होते आणि पुसायचं भान तिला नव्हतं.

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली, मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली.

"रड. मी फोन ठेवत नाही," ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांनी पाणी ऐकलं होतं.

"पण आधी दोन पायऱ्या वर ये आणि तिथं बस. मग आपण दोघी मिळून ठरवू, मागून कोण आलं ते."